उरलेली चार पोती

फार पूर्वी एका डोंगराळ मुलखात राजा नव्हता, लोकांनी निवडलेली सभा होती. दर चैत्रात ती बसायची आणि कुठल्या खात्याला वर्षभरासाठी किती धान्य द्यायचं ते ठरवायची.

सगळ्यांत लहान खातं घाटमाथ्यावरच्या धर्मशाळेचं. तिथं एकच राखणदार. चढून आलेल्या वाटसरूला भाकरी द्यायची, शेकोटीशी बसवायचं, एवढंच त्याचं काम. बायको गेल्यापासून आठ-आठ दिवस त्याच्या तोंडून शब्द निघत नसे.

एका वर्षी वाटसरू कमी आले. चार पोती उरली. ती दोन खेचरांवर लादून तो सभेला निघाला. वाटेत सरकारी तबेल्याचा कारभारी भेटला.

"अहो, परत कसली करताय? उरलं की पुढच्या साली कापतात. मी तर उरलेले हरभरे ओढ्यात ओतले!"

"मला नाही जमायचं ते," राखणदार म्हणाला.

सभेत त्याची पाळी शेवटी आली. निम्मे सभासद उठून गेले होते.

"चार पोती उरली? म्हणजे तुम्हाला एवढं लागतच नाही," सभापती म्हणाले. धर्मशाळेचा वाटा निम्मा झाला. का उरलं, हे कुणी विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात खालच्या रस्त्यावर दरड कोसळली आणि सगळी वर्दळ घाटावर आली. दिवाळीपर्यंत कोठी रिकामी. राखणदार दिवसातून एकदाच जेवू लागला, मग तेही सुटलं. एका दुपारी तापाने फणफणलेली म्हातारी दारात आली.

"बाबा, घासभर काही आहे का रे?"

त्याच्याकडे फक्त गरम पाणी होतं. ते पिऊन ती भिंतीला टेकली, ती पुन्हा उठलीच नाही. त्याने एकट्यानेच तिला अग्नी दिला. नाव विचारायचं राहून गेलं होतं.

चैत्रात त्याने पूर्वीइतकं धान्य मागितलं.

"तुमच्याकडे तर उरत होतं की!" सभापती म्हणाले.

"उरलं तेव्हा खरं सांगितलं, ते तुम्ही मानलंत. आज संपलं म्हणतोय, तेही खरंच आहे." आणि त्याने म्हातारीचं सांगितलं.

एक वयस्क सभासद बाई उठल्या. "ज्यांनी कधी दाणा परत केला नाही, त्यांना आपण वाढवून दिलं. यांनी परत केलं, तर यांचंच कापलं."

हात वर झाले. वाटा पूर्ववत झाला. यापुढे उरेल ते त्याच खात्याकडे अडचणीसाठी राहील, असंही ठरलं. मग सगळे बोलत बोलत जेवायला गेले. राखणदाराला कुणी 'चला' म्हटलं नाही. तो एकटाच घाट चढू लागला.

तात्पर्य एवढंच: खरं सांगणाऱ्याचाच वाटा कापत गेलं, तर खरं सांगायला कुणी उरत नाही, आणि त्याची झळ सभेला लागण्याआधी दारात आलेल्या उपाशी माणसाला लागते.