ढगातला कप्पा

बघू तरी, यातल्या एका शब्दावर तुमचा विश्वास बसतो का.

एका गावात सगळे विणकर होते, आणि त्यांच्या झाडून सगळ्या पैठण्यांची नक्षी ढगात ठेवलेली होती. हसा, हसा. पावसाचा ढग नव्हे रे. कुठं तरी लांब मोठाली मशिनं असतात, ती लोकांचं सामान सांभाळतात, त्याला क्लाऊड म्हणतात.

त्या ढगाचा कारभार विणकरांच्या सोसायटीनं मधू साळ्याकडं दिला. पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरवर त्याला सगळे कप्पे दिसले आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. घरटी एक कप्पा. आत मोर, पोपट, कमळं. आजे-पणजे गेले, तरी त्यांच्या वेली हिरव्यागार. माशीएवढा बाण हलवायचा, की कुणाचाही कप्पा वाढवावा, कुणाचाही पुसावा. देवाला तरी एवढं दिसत असंल का? मधूनं पडद्याला हातच जोडले.

मग दिसला चुलतभावाचा कप्पा. मधल्या भिंतीवरून दोघांचं वाजलेलं, एकमेकांचं नाव घेणंच टाकलेलं. मधू त्याला नुसता 'पलीकडचा' म्हणायचा. उद्या मोठा व्यापारी नक्षी निवडायला येणार होता, आणि पलीकडच्याचा मोर असा, की बघणाऱ्याची नजर हलू नये. तो निवडला, की मधूचे माग बंद.

"चुकून पुसला गेला म्हणू," मधू पुटपुटला, आणि त्यानं पुसायचं बटण दाबलं.

पडद्यावर आलं: पुसलेलं परत मिळणार नाही. नक्की पुसायचं असेल, तर कप्प्याच्या मालकाचं नाव लिहा.

आली का पंचाईत. जे नाव तोंडात घ्यायचं नाही, ते हातानं लिहायचं. मधूनं दात-ओठ खाल्ले, पण बोटांनी आपसूक त्याचं लहानपणचंच नाव लिहिलं: रंगा.

पडद्यावर आलं: नाव जुळत नाही. कप्पा होता रंगनाथच्या नावावर.

मधू त्या दोन अक्षरांकडं बघत बसला. एका ताटात जेवायचे दोघं. एवढ्या अफाट ढगात त्यानं सगळं धुंडाळलं असतं, तरी रंगा नावाचा वैरी त्याला सापडला नसता.

तो उठला आणि भिंतीला वळसा घालून पलीकडं गेला. "रंगा, तुझा कप्पा भरत आलाय. वाढवून देऊ?"

रंगनाथनं मागावरून मान वर केली नाही. "नाव आठवलं म्हणायचं. बस, चहा सांगतो. साखर अजून मुंगळ्यासारखीच लागते ना तुला?"

व्यापाऱ्यानं मोरच निवडला. रंगनाथ म्हणाला, "एवढ्या पैठण्या माझ्या एकट्याच्या मागावर व्हायच्या नाहीत." निम्मा मोर मधूच्या मागावर नाचला.

तात्पर्य: कुणाचं सगळं पुसायची ताकद हातात आली, तर आधी त्याचं नाव मायेनं घेऊन बघावं, मग हात धजत नाही.

झालं. आता उठा आणि चालते व्हा, माझं डोकं खाऊ नका.