वजन आधी हैबतीचं

आडाला रहाट होता आणि रहाटाला आवाज होता, त्या काळची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते कुणी मोजलेलं नाही. गावातल्या चिंचा तेव्हा गुडघ्याएवढ्या होत्या म्हणतात, आता त्यांच्या बुंध्याला चौघांची कव पुरत नाही.

चिंचदऱ्याला प्यायच्या पाण्याचा एकच आड. साठ हात खोल आणि तोंडाशी अरुंद. वरून वाकून बघितलं तर तळाचं पाणी पणतीएवढं दिसायचं. अशा आडाला दोर चांगला लागतो, आणि चांगला दोर वळायचा तो हैबतीनंच.

हैबती बोलायला कमी, कामाला सावकाश. बाकीचे दोरवाले घायपाताची पानं आठ दिवस पाण्यात कुजवायचे. हैबती महिनाभर कुजवायचा. मग ती ठेचायची, धुवायची, वाळवायची आणि त्यातला लांब लांब वाख, म्हणजे पानाचा धागा, तेवढा ठेवायचा. आखूड वाख तो चुलीत घालायचा. बायको म्हणायची, "अहो, निम्मा माल जाळताय!" तो म्हणायचा, "जाळतोय तो माझा आहे. वळीन तो दुसऱ्याच्या जिवाचा आहे."

आणि त्याची एक रीत होती. दोर वळून झाला की तो आधी स्वतःच्या कमरेला बांधायचा, आडात उतरायचा आणि वर यायचा. मगच दोर गिऱ्हाइकाच्या हातात. लोक थट्टा करायचे, "हैबती, दोर विकतोस का जीव?" तो नुसता हसायचा.

पण त्याच्या दोराला पाच पायल्या जोंधळा पडायचा. बाजारातला दोर दोन पायल्यांत मिळायचा. दिसायला तोही जाडजूड, वर पिवळाधमक.

एका वर्षी पाऊस रुसला. चैत्रातच आडाचा तळ उघडा पडायला आला. गाळ काढला तर झरा मोकळा होईल, नाहीतर गाव उठवावं लागेल, अशी वेळ आली. आडावरचा जुना दोर हैबतीचाच होता, नऊ वर्षं चाललेला. आता तो विरला होता. नवा पाहिजे होता, चांगला ऐंशी हातांचा.

सगळे पारावर जमले. आबाजी पाटील म्हणाले, "दोर हैबतीचाच घेऊ." तशी गिरजाबाई उठली. एकटी बाई, नवरा मागेच गेलेला, एक लेक पदरात. जीभ मात्र पाटलापेक्षा धारदार.

"घ्या की! वाटणी घरटी मागाल ना? दुष्काळात माझ्या कणगीला हात घालाल. चांगला दोर भाजून खाऊ का मी, हैबतीदादा?"

बाईचं खोटं नव्हतं. हैबती मान खाली घालून बोटांनी मातीत रेघा ओढत बसला.

शेवटी पाटलांनी मधला मार्ग काढला. चाळीस हात दोर हैबतीचा, चाळीस हात बाजारचा, मध्ये गाठ मारायची. सगळ्यांना पटलं. हैबती एवढंच म्हणाला, "पाटील, गाठ मारणारच असाल तर माझा दोर वर ठेवा, रहाटाच्या बाजूला."

पाटील हसले. "अरे, कुजतो तो पाण्यातला. वरचा नुसता हवा खातो."

"दोर पाण्यानं मरत नाही, पाटील. चाकावर घासून मरतो."

पण आपला दोर देऊन हैबती घरी गेल्यावर दोर बांधला गेला तो उलटाच. पाण्याकडे हैबतीचा, चाकाकडे बाजारचा. चांगली वस्तू पाण्यात सुरक्षित राहील, एवढंच बांधणाऱ्यांच्या मनात होतं.

गाळ काढायला दरसाल उतरायची ती राही, गिरजाबाईची लेक. अंगानं हलकी, आडाच्या तोंडातून सहज जायची. त्या सकाळी ती उतरली. दोर सोडून तिनं पाटी बांधली. भरलेली पाटी वर, रिकामी खाली. साठ पाट्या गाळ निघाला. दर पाटीला बाजारचा दोर चाकावर करकर करत घासत होता. बघणाऱ्यांची नजर गाळावर होती, दोराकडे कुणाचीच नव्हती.

आणि खाली झरा फुटला. राहीचा आवाज आला, "आई, पाणी! ओढा मला!" राहीला पोहता येत नव्हतं.

तिनं दोर कमरेला बांधला. सहाजणांनी ओढायला घेतलं. पाच हात वर आली नाही तोच चाकावर ताडकन आवाज झाला. तीन पदरांतला एक पदर तुटून वर उडाला.

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. ओढावं तर उरलेले दोन पदर चाकावर कातरतील. सोडावं तर खाली पाणी चढतंय. राही मध्येच लटकलेली. गिरजाबाई काठाला धरून खाली बघत होती.

हैबती तेव्हा शिवेवरच्या डोहात उरलेल्या गढूळ पाण्यात वाख धूत होता. असं म्हणतात, की त्याचा दोर चाकावर घुमायचा आणि दुसऱ्याचा करकरायचा, आणि तो फरक त्याला शिवेवरून कळायचा. सकाळपासून करकर ऐकून त्यानं शेवटी वाख धुणं टाकलं. तो निघालाच होता, एवढ्यात करकर थांबली. तसा तो ओल्या वाखाची मूठ खांद्यावर टाकून धावत सुटला.

आडावर येऊन तो थेट रहाटाच्या आडव्या लाकडावर पोटावर झोपला, दोन्ही हात चाकाखाली घातले आणि तुटक्या दोराभोवती ओला वाख वळायला लागला. पदरात पदर घातला, पीळ दिला, आवळला.

"ओढा. एक हात. बास!"

पुढचा हातभर दोर वळला.

"ओढा. बास! पाटील, हिसका नको!"

गाठ अजून पंधरा हात खाली होती. गाठ वर येईपर्यंत सगळा भार बाजारच्या दोरावर. दोर आतून पिठासारखा झडत होता आणि हैबती वरून त्याला नवा करत होता. दुसरा पदर गेला. वरून राहीच्या तोंडावर धागे पडले. ती ओरडली नाही. हलली तर दोर हलेल, हे तिला कळत होतं. असं म्हणतात, की आडातले पारवे त्या वेळी पंख मिटून बसले, एकही उडाला नाही.

वाख मूठभरच होता. तो पंधरा हात कसा पुरला, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. कुणी म्हणतं त्यानं मुंडासं फाडून घातलं, कुणी म्हणतं वाखच वाढत गेला. घायपाताच्या रसानं त्याचे तळवे पेटले होते, दोर बोटांत रुतत होता. दोराच्या हाताहातावर तांबडा डाग पडत गेला.

मग त्याच्या बोटांना गाठ लागली.

हैबतीनं डोळे मिटले. "आता माझा दोर आला," तो म्हणाला. "आता बिनघोर ओढा."

गाठ चाकावरून धप्पकन पलीकडे गेली आणि रहाट घुमायला लागला. तो घूंघूं आवाज ऐकून गिरजाबाई मोठ्यानं रडली, असं म्हणतात. राही वर आली ती ओठ निळे पडलेली, पण जिती.

हैबतीची बोटं मात्र आवळली ती पुन्हा उघडलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरजाबाई पाच पायल्या जोंधळा डोक्यावर घेऊन त्याच्या दारात. घरात तेवढाच होता.

"घे, दादा. माझं तोंड जळो."

"वहिनी, जोंधळा परत ने. तू पारावर बोललीस त्यात खोटं काय होतं? पाच पायल्या एका घराला जडच. पण आड का एका घराचा आहे? घरटी एक मूठ टाका. जोंधळा नसेल त्यानं वाख आणावा, वाख नसेल त्यानं वळायला बसावं. मी तोंडानं सांगतो, हात तुमचे."

त्या चैत्रात साऱ्या गावानं मिळून ऐंशी हातांचा दोर वळला. हैबती शेजारी बसून सांगत होता आणि आखूड वाख दिसला की पायानं चुलीकडे ढकलत होता. दोर पुरा झाल्यावर प्रश्न आला, आधी उतरणार कोण? गिरजाबाईनं पदर खोचला आणि दोर स्वतःच्या कमरेला बांधला.

आता चिंचदऱ्याला नळ आहे. आडावर लोखंडी जाळी बसली आहे. तरी दर चैत्रात घरटी मूठ जमते आणि नवा दोर वळला जातो. तो रहाटावर चढवून रिकामाच फिरवतात. त्या वेळी सगळं गाव गप्प उभं राहतं आणि कान देऊन ऐकतं. घुमला तर नारळ फुटतो. करकरला तर दोर उसवून पुन्हा वळायचा.

मागच्या सालच्या दोराचे तुकडे करून घरोघर देतात. नव्या बाळाचा पाळणा त्यानंच टांगायचा. पहिला तुकडा राहीच्या लेकाच्या पाळण्याला लागला होता. आणि बाळाला पाळण्यात घालायच्या आधी घरातलं थोरलं माणूस, आजी असो की आजोबा, दोन्ही हातांनी तो दोर धरतं, पाय उचलतं आणि क्षणभर स्वतः लटकतं.

"आधी हैबतीचं वजन," असं म्हणतं, आणि मग बाळाला आत ठेवतं.