सरांच्या शालीला पडलेले भोक

पेपर नापास होतो आणि आपण माणसाला नापास म्हणतो. ही चूक पहिल्यांदा ज्याने कोणी केली, त्याला अजून कुणी जाब विचारलेला नाही. त्याने एका गुणपत्रिकेवरचा शब्द उचलला आणि जिवंत मुलाच्या कपाळावर चिकटवला. पुढे तो शब्द लग्नाच्या पंगतींत, चहाच्या टपरीवर, नातेवाइकांच्या फोनवर इतक्या सहजतेने फिरला, की आता मुलेसुद्धा 'माझा पेपर गेला' असे म्हणत नाहीत. 'मी गेलो' म्हणतात. हे ऐकून आपल्या अंगावर काटा यायला हवा. येत नाही. आपण विचारतो, 'किती विषयांत?'

एकदा एक विद्यार्थी असाच 'गेला'.

सुमेध त्याचे नाव. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात तो विज्ञान शाखेला होता. शाळेत कायम पहिल्या बाकावर बसलेला, बक्षीस समारंभात नाव पुकारण्याआधीच उठून उभा राहण्याची सवय लागलेला मुलगा. दुसऱ्या वर्षी त्याचा गणिताचा एक पेपर राहिला. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात त्याला बसू दिले होते, पण तात्पुरते. डिसेंबरच्या अखेरीस तोच पेपर पुन्हा द्यायचा. सुटला तर प्रवेश कायम. नाही सुटला तर नव्या वर्षात घरी बसायचे.

आईच्या आग्रहाखातर त्याने फॉर्म भरला होता. पण पेपरला जायचेच नाही असे मनाशी पक्के केले होते. मामाचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते, तिथे कामाला लागावे असे त्याच्या मनात होते. गणिताचे भय त्याला फारसे नव्हते. भय होते त्या खोलीचे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांची ती नेहमीची सत्र परीक्षा, आणि राहिलेल्या मुलांनी त्यांच्यातच बसायचे. ही मुले महाविद्यालयात आली तेव्हा त्यांच्या स्वागत समारंभाचे सूत्रसंचालन सुमेधनेच केले होते. 'अपयशाला घाबरू नका मित्रांनो' असे काहीसे तो माइकवरून म्हणाला होता. ते आठवले की त्याला स्वतःच्या आवाजाची लाज वाटे.

मित्रांपासूनही त्याने ही गोष्ट लपवली होती. त्यांनी वर्षअखेरीला कोकणात समुद्रावर जायचा बेत आखला, तेव्हा याने नाशिकला मावशीकडे जायचे आहे असे सांगून टाकले. मावशी नाशिकला राहत होती हे खरे. पण तिने याला बोलावले नव्हते.

आई अंगणवाडीत शिकवायची. दिवसभर लहान मुलांचे रुसवे काढणारी ती बाई आपल्या मोठ्या मुलाचा रुसवा मात्र काढू शकली नाही. शेवटी एका दुपारी ती त्याला घेऊन सरांच्या घरी गेली. सर म्हणजे गणिताचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचे आडनाव गावात फारसे कुणाला आठवत नसे. नुसते 'सर' म्हटले की पुरत असे. आईने पेपर राहिल्याचा विषय काढला नाही. एवढेच म्हणाली, "सर, ह्याला जरा तुमच्यापाशी बसू द्या."

सर अंगणात उन्हाला पाठ करून बसले होते. अंगावर तपकिरी रंगाची जुनी लोकरी शाल होती आणि तिला खांद्याशी भले मोठे भोक पडले होते. त्या भोकातून आतला पांढरा सदरा दिसत होता. वास्तविक सरांना शालींची काय कमी? गावात कुठलाही कार्यक्रम असो, सरांना बोलावून शाल आणि नारळ दिल्याशिवाय तो पार पडत नसे. त्यांची सून वृंदा म्हणायची, "कपाट उघडलं की अंगावर सत्कार कोसळतात." पण त्या शाली दिसायला चकचकीत आणि वाऱ्याला पारदर्शक. सर पांघरायचे ती हीच.

दुसऱ्या दिवसापासून सुमेध येऊ लागला. येताना तो महत्त्वाच्या प्रश्नांची यादी घेऊन आला. आयएमपी म्हणतात त्या यादीला. दर परीक्षेआधी ती कुठून तरी उगवते, मोबाइलवरून मोबाइलवर जाते आणि मुले तिच्यावर देवासारखा भरवसा ठेवतात. सरांनी चष्मा लावून यादी वाचली, चांगली आहे म्हणाले आणि परत दिली. मग त्यांनी त्याला आठवीतल्या मुलाला घालतात तसे अवयव पाडायला लावले. पुढच्या दिवशी अपूर्णांक. त्याच्या पुढच्या दिवशी कंपास घेऊन नुसते वर्तुळ काढायला सांगितले आणि साइन म्हणजे काय, कोसाइन म्हणजे काय, हे त्या वर्तुळात बोटाने दाखव म्हणाले. सुमेधने सूत्रे घडाघडा म्हणून दाखवली. सर म्हणाले, "म्हणू नकोस. दाखव."

त्याला दाखवता येईना. पण त्याकडे त्याचे लक्ष नव्हते. पेपर जवळ येत होता, राहिलेला भाग होता इंटिग्रेशनचा, आणि हे वृद्ध गृहस्थ आपल्याला वर्तुळे काढायला लावत आहेत, एवढेच त्याला दिसत होते. अखेर एका दुपारी त्याचा संयम सुटला.

"सर, मला जे येत नाही ते शिकवा ना. येतं तेच पुन्हा पुन्हा काय करायचं? आणि खरं सांगायचं तर मी पेपरला बसणारच नाहीये. आईला वाईट वाटेल म्हणून येतोय मी इथं."

सरांनी मान डोलावली, जणू हवापाण्याविषयी काही ऐकावे तशी. मग त्यांनी अंगावरची शाल काढली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि विचारले, "सुईत दोरा ओवता येतो का तुला?"

सुमेध गोंधळला. सरांनी वृंदेला हाक मारून सुईदोऱ्याचा डबा मागवला आणि म्हणाले, "एवढं भोक शिवून दे. मला थंडी वाजतेय."

नाही म्हणायची सोय नव्हती. थंडी खरोखरच होती आणि सर नुसत्या सदऱ्यावर बसले होते. सुमेधने डब्यातला त्यातल्या त्यात जाड दोरा निवडला, भोकाच्या दोन्ही कडा चिमटीत धरून जवळ ओढल्या आणि दणदणीत टाके घातले. पोत्याचे तोंड शिवतात तसे ते दिसू लागले. वृंदा दारातून म्हणाली, "ऑपरेशन झालेलं दिसतंय." सरांनी शाल पांघरली, चहाचा कप उचलायला हात पुढे केला, आणि खांद्याशी टर्रकन आवाज झाला. टाके जागच्या जागी होते. त्यांच्या शेजारचे कापड फाटले होते. भोक आधीपेक्षा मोठे झाले.

सुमेध त्या भोकाकडे पाहत राहिला. इतके दिवस मामाच्या दुकानाच्या गोष्टी बेफिकिरीने सांगणाऱ्या त्या मुलाचा चेहरा बघता बघता उतरला आणि डोळे भरून आले. फाटली होती शाल. पण ज्याला आत कुठेतरी आधीच फाटल्यासारखे वाटत असते, त्याला एवढेही पुरते.

"हेही गेलं," तो म्हणाला. "मला काहीच धड येत नाही, सर."

सरांनी त्याला रडू नकोस म्हटले नाही. त्यांनी शाल पुन्हा मांडीवर घेतली आणि सुईच्या टोकाने त्याचे टाके एकेक करून उसवू लागले, हळूहळू, कापडाला त्रास होऊ नये अशा बेताने. त्याला डोळे पुसायला पुरेसा वेळ मिळाला. मग ते बोलू लागले.

"तू टाका कुठं घातलास ते बघ. भोकाच्या अगदी कडेला. सगळे तिथंच घालतात, कारण डोळ्यांना भोक दिसतं. पण भोकाची कड म्हणजे आधीच विरलेलं कापड. ते स्वतःलाच कसंबसं सांभाळून आहे. त्यानं तुझा टाका कसा सांभाळायचा? रफू करताना सुई लांबून निघते. इथून, जिथं वीण अजून घट्ट आहे. आधी उभे धागे, मग त्यांतून आडवे. भोक सगळ्यात शेवटी येतं आणि तोवर ते भरतच आलेलं असतं." थोडे थांबून त्यांनी त्याच्याकडे पाहिले. "तू रोज येतोस आणि मला तुझं भोक दाखवतोस, बाळा. मी तुझं कापड शोधतोय. ते पुष्कळ आहे. चांगलं आहे."

कंपासने काढलेले ते वर्तुळ सुमेधच्या डोळ्यांपुढे आले. सूत्र पाठ होते आणि दाखवता आले नव्हते. भोक जिथे दिसत होते तिथे ते सुरू झालेच नव्हते तर.

सरांनी डब्यातला दोरा बाजूला ठेवला. शालीच्या टोकाला ज्या दशा लोंबतात, त्यांतली एक त्यांनी हलकेच ओढून काढली. हा धागा कापडाच्या ओळखीचा आहे, म्हणाले. बाहेरचा दोरा ताण पडला की कापडालाच कापतो. हे सगळे ते वसतिगृहात शिकले होते. तेव्हा गरम कपडा एकच होता आणि थंडी दरवर्षी यायची. आता त्यांना सुईचे नाक दिसत नव्हते म्हणून ओवण्याचे काम सुमेधकडे आले. ऊन अंगणातून सरकत कुंपणाशी गेले तरी दोघे शाल मांडीवर घेऊन बसले होते, एकाचे डोळे आणि दुसऱ्याचे हात.

काम संपले तेव्हा भोक भरले होते, पण जागा लपली नव्हती. दशांचा रंग कमी विटलेला, म्हणून खांद्याशी एक गडद चौकोन उमटला होता.

"दिसतंय, सर," सुमेध नाराजीने म्हणाला.

"दिसू दे की. शाल फाटली होती हे काय लपून होतं? अख्ख्या गावानं बघितलीय."

पेपरला बसणार की नाही, हे सरांनी त्या दिवशी विचारले नाही आणि नंतरही विचारले नाही. पण पुढच्या दिवशी सुमेध आला तो कंपास घेऊन. सर, ते वर्तुळ पुन्हा काढू या, म्हणाला. मग दोघांनी मागे जाऊन, जिथे त्याचे पाऊल पक्के होते तिथून एकेक सूत्र पुढे विणत आणले. कुठे कुठे तो घसरला. काही ठिकाणी त्याला सरांच्याही आधी सुचले आणि सरांनी तसे मोकळेपणाने सांगितले. एवढे करूनही पेपरच्या आदल्या दिवशी त्याच्या पोटात गोळा आला होताच. धैर्य म्हणजे तो गोळा जाणे, असे ज्यांना वाटते, त्यांनी कधी कुठल्या परीक्षेला जाऊन पाहिलेले नसावे.

त्या खोलीत तो गेला. शेजारच्या बाकावर खरोखरच त्या स्वागत समारंभातली एक मुलगी होती. तिने त्याच्याकडे पाहिले, त्याने मान खाली घालायची तयारी केली, आणि ती कुजबुजली, "दादा, जास्तीचं पेन आहे का? माझं चालत नाहीये." त्याने पेन दिले. मुलगी आपल्या पेपरात बुडाली. जिच्या नजरेला तो वर्षभर भीत आला होता, तिला त्या क्षणी पेनाखेरीज दुसरे काहीही नको होते.

तिसऱ्या प्रश्नाला सूत्र आठवेना. मागच्या वेळी नेमके इथेच सगळे अंधारून आले होते आणि पुढचे प्रश्न त्याने वाचलेही नव्हते. या वेळी त्याने उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर एक लहान वर्तुळ काढले. जिथे घट्ट होते तिथून निघाला. सूत्र आले, जरा उशिरा आले, पण आले. एक प्रश्न तरीही सुटला नाही. तो त्याने सोडून दिला आणि पुढचे लिहिले.

बाहेर येऊन फाटकापाशी उभे राहून त्याने सोहेलला फोन लावला. सोहेल त्याचा सगळ्यात जवळचा मित्र, समुद्राचा बेत त्याचाच. सुमेधने शब्दांची जुळवाजुळव केली होती, पण तोंडून भलतेच निघाले. मी नाशिकला नाहीये, म्हणाला. माझा पेपर होता, गेल्या वर्षी गणित राहिलं माझं.

"माहितीये," सोहेल म्हणाला. "निकाल लागला त्या दिवसापासून माहितीये. फळ्यावर लागला होता, येड्या, तुझ्या एकट्यासाठी लपवून ठेवणार होते का? तू सांगेनास, म्हणून आम्हीही विचारलं नाही. मी तर म्हणणार होतो, येताना नाशिकची द्राक्षं आण. बघू काय करतोस." मग जरा खालच्या आवाजात, "कसा गेला?"

"एक सोडला. बाकीचे लिहिले."

"बरं. उद्या संध्याकाळी निघतोय. पिशवी भर."

वर्षाच्या शेवटच्या दुपारी पिशवी खांद्याला लावून सुमेध सरांकडे आला. निकाल जानेवारीत लागणार होता. सरांनी पेपर कसा गेला हे विचारले नाही. तिसऱ्या प्रश्नात काय होते, ते विचारले. त्याने काठीने मातीत वर्तुळ काढून दाखवले. सर वाकून पाहत राहिले, त्याने दोन ठिकाणी वेगळी वाट धरली होती ती त्यांना आवडली, आणि दोघेही काही वेळ त्या मातीतल्या रेघांमध्ये हरवून गेले. निघताना सुमेध पाया पडला. त्याची नजर शालीवर गेली. दुसऱ्या खांद्यावर वीण विरळ झाली होती. समुद्रावरून आल्यावर इकडचंही बघू या सर, भोक पडायच्या आधीच, असे तो म्हणाला, आणि सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

वारा सुटला होता. वृंदा चहा घेऊन आली. घसरलेली शाल सासऱ्यांच्या अंगावर नीट करता करता तिचा हात त्या गडद चौकोनावर थांबला. तिने तो चिमटीत धरून पाहिला, मग बाकीची शाल पाहिली, आणि नेहमीच्या कुरकुरत्या आवाजात म्हणाली, "बाबा, हा रफूचा भाग कानावर घ्या. तेवढीच जागा जाड आहे."