हत्तीच्या पोटावरची पट्टी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका उघड्या माळावर एक छोटं राज्य होतं. तिथे झाडं कमी आणि विजा फार. दर वर्षी वीज पडून माणसं दगावत.

शेवटी तिथल्या एका तांबटाने राजाच्या सभागृहावर तांब्याचं उंच टोक बसवलं. टोकापासून एक तांब्याची पट्टी भिंतीवरून खाली आणली आणि ओल्या जमिनीत खोल पुरली. वीज टोकावर पडायची, पट्टीवरून उतरायची आणि मातीत जिरायची. आतल्यांच्या केसालाही धक्का लागत नसे. ढग गडगडले की सारं गाव सभागृहाकडे धावे.

पुढे राजाला भिंत रंगवून घ्यायची हौस आली. चित्रकाराने मिरवणुकीचं चित्र काढलं, तर पट्टी आली नेमकी राजाच्या हत्तीच्या पोटावर. राजा हिरमुसला. राजेच ते, त्यांना एवढं पुरतं.

“ही पट्टी काढ,” त्याने तांबटाला फर्मावलं.

“महाराज, टोक विजेला अंगावर घेतं आणि पट्टी तिला वाट देते. वाट मोडली तर वीज भिंत फोडून आत शिरेल.”

“लोकांना टोकच दिसतं ना? मग हत्तीपुरती काप. आणि बाहेर बोभाटा करू नकोस, नाहीतर दरबाराचं काम दुसरा तांबट करील.”

तांबटाने पट्टी कापली. संध्याकाळी तो घरी आला.

“अहो, चेहरा का उतरलाय?” बायकोने विचारलं.

“काही नाही. ऊन लागलं.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता वैशाख आला.

एका दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं. तांबट गावाबाहेर भट्टीपाशी होता. तो हातातलं काम टाकून ओरडत धावत सुटला, पण गडगडाटात त्याचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही.

इकडे त्याची बायको शेजारणींना बोलावत होती, “चला गं आत. ह्यांच्या हातचं काम आहे, इथे काही होत नाही.”

वीज टोकावर पडली. पट्टी संपली तिथे भिंत फोडून आत शिरली. सात माणसं गेली. भिंतीला टेकून बसलेली तांबटाची बायको त्यांतच होती.

राजाने भिंतीवरचा हत्ती पुसायला लावला. तांबटाने पट्टी पुन्हा जोडली. तेव्हा एका म्हातारीने त्याला विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

“आणि तिला?”



पट्टी आता धड होती, पण लोकांचा विश्वास उडाला होता. पुढच्या वादळात कुणी सभागृहाकडे फिरकलं नाही. ते माळावरच थांबले, आणि तिथे आणखी तिघं गेले.

बोध एवढाच: धोका ठाऊक असून जो भीतीपोटी गप्प बसतो, तो आपल्याच माणसांना त्या धोक्याच्या तोंडी देतो.