परत न आलेली हरिणी

सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या काठी, एक म्हातारी साळू राहत असे. अंगभर काटे, डोळे अधू, पण जमिनीखालच्या मुळांची आणि कंदांची तिच्याइतकी माहिती कोणालाच नव्हती. त्या जंगलात एक चांगली रीत होती. दिवस कलला की सगळे प्राणी जांभळीच्या झाडाखाली जमत. ज्याला अडले असेल त्याने विचारायचे, ज्याला ठाऊक असेल त्याने सांगायचे. तुमच्या घरी मोठी माणसे फोनवरच्या गटात प्रश्न टाकतात ना, तसेच समजा. साळू रोज यायची आणि सर्वांत जास्त उत्तरे तीच द्यायची. उत्तर मिळाले की विचारणारा जो धूम ठोकायचा, तो पुन्हा नवी अडचण येईपर्यंत तिच्याकडे फिरकायचा नाही.

एका उन्हाळ्यात साळू यायची बंद झाली. "भाव खातेय म्हातारी!" असे माकड म्हणाले आणि त्याने एक युक्ती काढली. जांभळीखाली एक उंच, सपाट दगड होता. जो उत्तर देईल त्याने त्या दगडावर बसायचे आणि बाकीच्यांनी त्याच्यापुढे मान लववायची. झाले! उत्तरांचा नुसता पाऊस पडू लागला. कावळा तर दगडावरून उतरेचना. त्याने रानडुकराला टेकडीमागच्या तळ्यात पाणी आहे म्हणून सांगितले. रानडुक्कर दोन दिवस पायपीट करून, सुकलेला चिखल हुंगून परत आले. पण ते कोणाला काही बोलले नाही आणि कावळा आपला दगडावर तसाच ऐटीत बसून राहिला. मला तर त्या कावळ्यापेक्षा त्या गप्प बसलेल्या रानडुकराचाच जास्त राग येतो.

वर्ष गेले. एका संध्याकाळी हरिणी धापा टाकत जांभळीखाली आली. तिच्या पाडसाचे पोट टम्म फुगले होते आणि त्याला उभेही राहवत नव्हते. "काय देऊ त्याला?" तिने विचारले. "त्या झुडपाची लाल फळं खाऊ घाल," कावळा डोळे मिटून म्हणाला. हरिणी फळांच्या झुडपापर्यंत गेली आणि थबकली. गेल्या उन्हाळ्यात तिच्या मोठ्या पाडसालाही हेच झाले होते. तेव्हा साळूने एक मूळ दिले होते. कोणते, ते काही केल्या तिला आठवेना. ती तशीच साळूच्या बिळाकडे धावली.

"मला काही ठाऊक नाही," साळू आतूनच म्हणाली.

"असं काय करता, साळूबाई? गेल्या वर्षी तुम्हीच तर मूळ दिलं होतंत!"

"म्हणूनच तर आता सांगत नाही." साळू म्हणाली. "तू मूळ घेऊन गेलीस. दुसऱ्या दिवशी मी जांभळीखाली तुझी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशीही पाहिली. तू आली नाहीस. मी समजले, पाडस गेलं. माझ्या हातून गेलं."

हरिणी बिळात डोकावली. "अहो, ते तर दुसऱ्या दिवशी सकाळीच उड्या मारायला लागलं! आता शिंगं फुटलीत त्याला. ते बरं झालं, म्हणूनच तर मी आले नाही!"

बिळात काट्यांची सळसळ झाली आणि साळू बाहेर आली. "चल," ती म्हणाली. ओढ्यापलीकडच्या दरडीखाली तिने भराभर माती उकरली आणि हवे ते मूळ काढून हरिणीच्या पुढ्यात टाकले.

सकाळी पाडस उठून उभे राहिले. या वेळी हरिणी चरायला गेली नाही. दोन्ही लेकरांना घेऊन ती आधी साळूच्या बिळापाशी आली. साळूला नीट दिसत नव्हते. तिने थोरल्याची कोवळी शिंगे नाकाने हुंगली, मग धाकट्याचे पोट हुंगले. तिला रडू आले आणि तिने ते लपवलेही नाही.

त्या संध्याकाळी साळू जांभळीखाली हजर होती. माकडाने तिला मोठ्या मानाने दगड दाखवला. "मला नाही चढवत त्यावर," ती म्हणाली. "एवढंच करा, सांगितलेलं करून पाहिलंत की मागं येऊन काय झालं ते सांगा. चुकलं असेल तरी सांगा." तेव्हा कुठे रानडुकराला तोंड फुटले आणि सुकलेल्या तळ्याची हकीकत बाहेर आली. कावळा हळूच दगडावरून उतरला. पुढच्या प्रश्नाला तो म्हणाला, "मला ठाऊक नाही." त्या दगडावर हल्ली एक सरडा ऊन खात बसतो.

तात्पर्य : ज्ञान वाटणाऱ्याला मानाच्या जागेची हाव नसते, आपले सांगणे कोणाच्या उपयोगी पडले, एवढे कळले तरी तो सांगत राहतो. म्हणून उत्तर घेऊन गेलात, तर निरोप घेऊन परत या.