देवीचे वण

आंबेखोल गावाच्या भगवतीच्या देवळात निवांत महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही हकिगत. भाविकहो, महाराज बोलत थोडे. पण ज्याला बोलत, त्याला जन्मभर पुरे!

गावात चंद्रभागा नावाची विधवा चितारीण पांगाऱ्याच्या लाकडाच्या बाहुल्या करी. ललिता पंचमीला मुली आपापल्या बाहुल्या देवीपुढे रांगेने बसवत. शेजारची नऊ वर्षांची मथुरा मात्र कधी आली नाही. पाचव्या वर्षी तिला देवी आल्या, डोळे घेऊन गेल्या आणि गालांवर वण ठेवून गेल्या. मुली चिडवत, म्हणून पोर घरातच बसे.

त्या वर्षी ती म्हणाली, "आत्या, माझ्यासारखी बाहुली कर. ती थंय बसली तर मीय बसान."

चंद्रभागेने पदर खोचला. पांढऱ्या मातीत चिंचोक्याची खळ कालवली आणि लाकडाच्या चेहऱ्यावर जाड लेप दिला. लेप अर्धवट ओला असताना मोहरीचा दाणा दाबून एकेक वण उठवला. हिंगूळ, हरताळ हे रंग विषारी. पोर बाहुलीचे मुके घेणार, म्हणून ओठांसाठी गेरू आणि भुवयांसाठी काजळी काढून ठेवली. पण वाळताना लेप तडकला. खरवडून पुन्हा दिला, पुन्हा तडकला. तिसऱ्यांदाही तेच!

तिचा चुलत दीर आत्माराम देवीचा मुखवटा रंगवणारा; देवळात त्याचा शब्द चाले. हात सोन्याचा, पण नाक त्याहून वर. तो हसून म्हणाला, "वैनीनू, आंधळ्या चेडवाक रंग कित्याक? गुळगुळीत करा नि द्या. वणांची बाहुली मी देवळात घेवचंय नाय. अमंगळ ता!"

"चेडू बोटांनी बघता, भावोजी. बोटांक खोटा सांगूक माका जमाचा नाय."

पंचमी दुसऱ्या दिवशी. चंद्रभागा लेप खरवडलेली उघडी बाहुली घेऊन महाराजांकडे गेली. महाराजांनी विचारले, "लेप जाड देतेस?"

"होय महाराज. खळगो नीट पडता."

"एका दमात डोंगर चढू नये, माय. पातळ सात लेप दे. वण शेवटच्या लेपावर."

"पण एकेक लेप वाळूक अर्धो दिवस! उद्या पंचमी."

महाराज म्हणाले, "लेप देणं तुझं. वाळवणं आमच्याकडे."

ती घरी येऊन कामाला बसली. बाहेर आभाळ भरलेले, भिंतींना ओल. पण काय सांगावे! कुंचला खाली ठेवावा, तो लेप खडखडीत वाळलेला. फक्त सातवा तेवढा ओला राहिला, सगळे वण उठेपर्यंत! तिने मान वर केली नाही. सूर्य मावळण्याआधी खारीच्या केसांच्या कुंचल्याने बाहुलीचे डोळे रेखले आणि मग ढसाढसा रडली.

सकाळी मथुरेचा हात धरून ती देवळात आली. आत्माराम दारात आडवा उभा.

महाराज उठले. "आत्माराम, घरात देवी आल्या म्हणून हात जोडतोस, आणि त्यांच्याच पावलांच्या खुणांना अमंगळ म्हणतोस? जा, देवीपुढचा पडदा सार."

पडदा सरला आणि आत्माराम जागच्या जागी थिजला. काल स्वतःच्या हाताने त्याने गुळगुळीत केलेल्या मुखवट्याच्या गालांवर वण होते! रंग कुठे उडालेला नाही, कुठे तडा नाही. मथुरेच्या गालांवर होते तसेच, तिथल्या तिथे.

तो महाराजांच्या पायांवर कोसळला. महाराजांनी पाय मागे घेतले आणि मथुरेकडे बोट दाखवले. हट्टी माणूस, पण वळला. त्या पोरीपुढे त्याने कपाळ टेकले. मथुरेने खाली बसून कवेतली बाहुली मांडीवर ठेवली आणि चाचपत त्याच्या चेहऱ्यावरून बोटे फिरवली. बोटांना ओल लागली.

ती घाबरून म्हणाली, "काकानू, रडू नकात. रंग जातलो!"