खाटेखालचा गोळा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या काळची नाणी आता नदीलासुद्धा सापडत नाहीत.

एका तीर्थाच्या गावी एक झारेकरी आणि त्याची बायको येसाई राहत. यात्रेकरू घाटावरून नदीत नाणी टाकत. ही दोघं गाळ उपसून, परातीत धुऊन ती शोधत आणि विकत. पण तीस वर्षं गार पाण्यात उभं राहून येसाईचे गुडघे पार धरले होते. ती म्हणे, "एवढीशी जमीन आणि एक गाय असती ना, तर मी पुन्हा पाण्यात पाय घातला नसता."

येसाई भारी टापटिपीची. तिच्या घरच्या पातेल्यात बघून भांग पाडावा! नवऱ्याचं मात्र सगळं 'राहू दे की'. खाट डुगडुगायला लागली, तर त्यानं गाळात सापडलेला एक काळाकुट्ट गोळा तिच्या पायाखाली सरकवला.

"फेका हो ती घाण," येसाई रोज म्हणे.

"राहू दे की. खाट हलत नाही ना आता?"

त्या गोळ्यावरून दोघं बारा वर्षं भांडली.

एके दिवशी येसाईच्या परातीत एक तांब्याचं नाणं आलं. अंगावर हिरवट काळा थर, त्यातून डोकावणारा एक हत्ती. नेमका त्याच दिवशी राजाचा नाणेपारखी घाटावर आला होता. नाणं पाहून म्हातारा हरखलाच.

"बाई, हे हजार वर्षांपूर्वीचं आहे! परवा येतो आणि शंभर मोहरा देऊन घेऊन जातो. तोवर जपा."

शंभर मोहरा! म्हणजे जमीन आली, गायही आली. येसाईला गुडघे आहेत हेच दोन दिवस आठवलं नाही.

पण स्वभावाला औषध नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं नाणं हातात घेतलं. राजाच्या घरी जायचं आणि असं कळकट? लोक काय म्हणतील? तिचे हात शिवशिवले. तिनं चिंच घेतली, राख घेतली, काथ्या घेतला, आणि हत्ती लख्ख होईपर्यंत घासला.

पारखी आला, खाटेवर टेकला. येसाईनं मोठ्या कौतुकानं नाणं त्याच्या हातावर ठेवलं.

म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. "हे काय केलंत, बाई! तो मळ नव्हता. हजार वर्षांच्या माती-पाण्यानं चढवलेला रंग होता तो. त्यावरूनच तर नाणं अस्सल आहे हे कळतं. आता हे कालच पाडल्यासारखं दिसतंय. राजा माझ्यावर कसा विश्वास ठेवील?"

 येसाई मटकन खाली बसली.

नवरा तिच्याजवळ आला. "राहू दे गं. गेलं ते गेलं. उद्यापासून तू काठावर बस, मी एकटा पाण्यात उतरेन."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. आता मात्र ती हमसून हमसून रडली.

एवढ्यात पारख्याच्या हातून नाणं निसटलं आणि गडगडत खाटेखाली गेलं. ते घ्यायला तो वाकला, तो वाकलेलाच राहिला.

"बाबा, कंबर धरली का?" येसाईनं डोळे पुसत विचारलं.

"कंबर कसली! हा गोळा म्हणजे जुनी नाणी आहेत, एकमेकांना चिकटलेली. आठ-दहा तरी असतील. आणि कुणी घासली कशी नाहीत?"

"घासायची कशाला? मी तर फेकायलाच निघाले होते," येसाई पुटपुटली. "ह्यांनी फेकू दिली नाहीत."

पारख्यानं गोळा मागितला. येसाई सवयीनं उठली. "थांबा, जरा धुऊन..."

"नको!" दोघे एकदम ओरडले. मग तिघंही हसत सुटली.

जमीन आली. गाय आली. येसाईनं पुन्हा नदीत पाय घातला नाही. पातेली अजून लखलखतात. पण तीस वर्षं ती नवऱ्यालाही घासत आली होती, ते तिनं थांबवलं. आधाराचा गोळा गेल्यामुळे खाट पुन्हा डुगडुगू लागली, तेव्हा तिनंच नदीकाठून एक दगड आणला आणि न धुता तसाच पायाखाली सरकवला.

तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, मळ कोणता आणि काळानं चढवलेला रंग कोणता, हे ओळखल्याशिवाय घासायला बसू नये.